तेरा हजारांची सायकल आणि तिचा हिशेब

इथं आजवर बेळगावच्या गल्ल्या, शाळा, टॉकीज, कुंदा, गणपतीची मिरवणूक, सगळ्यावर लिहून झालंय. सायकलीवरही बऱ्याच जणांनी लिहिलं, पण ते सगळं त्या जुन्या काळ्या चोवीस इंची सायकलीवर. मी आज जिच्यावर लिहिणार आहे ती सायकल २०१७ सालची आहे. गिअरची आहे, जाड टायरची आहे आणि तिला पुढं शॉक आहे. आजची पोरं तिला ‘हार्डटेल एमटीबी’ म्हणतात. म्हणजे डोंगरात चालवायची सायकल, पुढचा चिमटा स्प्रिंगचा आणि मागचा भाग नेहमीसारखा कडक. मागंही शॉक असलेली सायकल वेगळी. आपली ही त्या जातीतली सगळ्यात खालच्या पायरीवरची. किंमत १३,५०० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, जाहिरात नको.

आधी थोडं बेळगावचं सांगतो, कारण हे ठाऊक असलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. आपल्या गावात सायकल आली ती फार लवकर. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंगांधळेपणामुळं ते सुटलं, मग व्हीजेटीआयमध्ये यंत्रांची चित्रं काढायला शिकवू लागले. त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं. रामूअण्णा सायकली विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. आज आपण ज्याला किर्लोस्कर रोड म्हणतो तो त्याच दुकानाची आठवण. पुढं लोखंडी नांगर, कडबा कापायचं यंत्र आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी, हा सगळा इतिहास आपण शाळेत वाचला. पण एवढ्या मोठ्या कारखानदारीचं पहिलं पान बेळगावच्या सायकल दुकानात लिहिलं गेलं, हे पोरांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. आणखी एक गंमत. डनलॉप या गृहस्थांनी बेलफास्टमध्ये हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं तेही १८८८ सालीच. म्हणजे आपल्या गावात सायकलचं दुकान निघालं तेव्हा जगात हवेचा टायर नुकताच जन्मला होता.

माझ्या लहानपणी सकाळी रस्त्यावर फक्त सायकलीच असायच्या. खेड्यातून कॅन लावून येणारे दूधवाले, उद्यमबागेत फाउंड्रीवर जाणारे कामगार, वडगाव-खासबागचे विणकर, कॉलेजची पोरं. बँकेत तर ‘सायकल प्यून’ म्हणून वेगळं काम होतं. क्लिअरिंगचे चेक, टपाल, पासबुकं घेऊन तो गावभर फिरायचा आणि त्याला पगारात सायकल भत्ता मिळायचा. मी अधिकारी झालो तेव्हा स्कूटर आली, मग मुलानं कार घेतली. सायकल घरातून कधी गेली हे कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. खेड्यांत मात्र ती टिकली. २००६-०७ पासून सरकारनं आठवीच्या मुला-मुलींना सायकली दिल्या, तेव्हा शाळेच्या वाटेवर एकसारख्या रंगाच्या सायकलींची रांगच लागायची.

तर ही सायकल घेतली नातवासाठी. तेव्हा तो शाळेत होता. दोन वर्षं त्यानं ती भरपूर हाणली आणि २०१९ साली पुण्याला शिकायला गेला. सायकल आमच्या जिन्याखाली उभी राहिली. टायर बसले, चेन गंजली, सीटवर कबुतरं. चिरंजीवांनी फोनवर सांगितलं, “बाबा, विकून टाका, चार हजार येतील.” मग २०२० सालचा लॉकडाउन आला. सगळ्यांना एकदम व्यायाम आठवला आणि जुन्या सायकलीलाही गिऱ्हाईक विचारू लागलं. एक जण घरी येऊन साडेपाच हजार देतो म्हणाला. मी तिला जिन्याखालून बाहेर काढली, पुसली, हवा भरली आणि दाखवण्यापूर्वी एक चक्कर मारून बघावी म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. परत आलो तो “विकायची नाही” असं सांगूनच. वय तेव्हा एकोणसत्तर.

आमच्या सौं.चा पहिला प्रश्न होता, “अहो, पडलात तर?” प्रश्न बरोबर होता. मी काहीतरी विनोद करून टाळू लागलो तर ती हसली नाही. शेवटी तीन अटींवर मंजुरी मिळाली. हेल्मेटशिवाय गेट ओलांडायचं नाही, फोन खिशात आणि चालू ठेवायचा, हायवेला जायचं नाही. मी आयुष्यभर इतरांना अटी घालून कर्जं मंजूर केली, त्यामुळं अटीचं मला वावडं नाही.

आता मिस्त्रींकडं येतो. बेळगावात खडेबाजार दोन, एक शहापूरचा आणि एक आपला गावातला. मी म्हणतोय तो गावातला. त्याला लागून असलेल्या एका बोळात आमच्या मिस्त्रींचं दुकान आहे. रुंदी जेमतेम आठ फूट. दिवाळीत आणि रमजानमध्ये बाजार भरला की दारात सायकल उलटी करायलाही जागा नसते. नव्वदच्या दशकात पंतप्रधान रोजगार योजनेत त्यांनी कर्ज काढलं होतं, ते आमच्याच शाखेतून, आणि शेवटचा हप्ता मुदतीच्या आधी भरला होता. त्यामुळं आमची ओळख जुनी. ते मला अजून “साहेब” म्हणतात, मी त्यांना “मिस्त्री”.

सायकल नेली तेव्हा त्यांनी चाक फिरवून बघितलं, कान लावला आणि म्हणाले, “साहेब, छर्रे वाळलेत. आधी ओव्हरऑइलिंग करूया, मग बाकीचं बगू.” दोन्ही चाकांचे हब उघडले, छर्रे रॉकेलमध्ये धुतले, नवं ग्रीस भरलं, रिमचा आउट काढला. तीनशे रुपये घेतले. तेवढ्यानंच सायकल निम्मी हलकी झाल्यासारखी वाटली. मंडळी, कुठलाही नवा भाग घालायच्या आधी हे काम करा. खाजगीत सांगतो, निम्म्या लोकांना ‘अपग्रेड’ म्हणून जे हवं असतं ते खरं तर ग्रीस असतं.

त्यानंतर मी बँकेच्या सवयीनं एक वही केली. डाव्या पानावर भांडवली खर्च, उजव्या पानावर चालू खर्च. टायर-ट्यूब, पॅड, केबल, ग्रीस, मजुरी हा चालू खर्च, तो होणारच. ज्यानं सायकलची ताकद वाढते तो भांडवली. आणि एक नियम ठरवला. भांडवली असो की चालू, सगळा मिळून खर्च सायकलच्या मूळ किमतीच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला तर ती सायकल सांभाळणं नव्हे, ती हौस झाली. हौसेला माझा विरोध नाही, पण ती वेगळ्या खात्यात लिहावी.

पहिलं म्हणजे सीट. यात एक पैसा लागत नाही. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल खालच्या टोकाला असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा पायडलवर ठेवून चालवताना गुडघ्याला किंचित बाक राहतो. आपल्यापैकी बहुतेक जण सीट फार खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून, आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात.

दुसरं टायर. या सायकलीला मूळ टायर येतो तो मोठ्या गोट्यांचा, ट्रॅक्टरच्या टायरचा धाकटा भाऊ. चिखलात, खडीवर तो छान. पण डांबरी रस्त्यावर घूं घूं आवाज करतो आणि पाय ओढून धरतो. मी दीड वर्षानं टायर झिजले तेव्हा मधे सपाट आणि कडेला गोट्या असलेले थोडे अरुंद टायर घातले. दोन्हींचे मिळून १,७०० रुपये. बाजूवर किती हवा भरायची ते छापलेलं असतं, त्या मर्यादेत मीटरच्या पंपानं भरतो. काळ्या सायकलीला आपण अंगठ्यानं दाबून हवा बघायचो. इथं अंगठा फसवतो, कारण टायर जाड असतो.

तिसरी गोष्ट गिअरची, आणि इथं थोडं गणित करू द्या. आपल्या काळ्या सायकलीला पुढच्या चक्राला साधारण ४४ दात आणि मागच्या फ्रीला १८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जवळजवळ अडीच फेऱ्या फिरतं आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. सपाटीला उत्तम, चढाला उतरून ढकला. माझ्या सायकलीला पुढं तीन चक्रं, ४२, ३४ आणि २४ दातांची. मागं सात, लहान १४ आणि मोठं २८. सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढं २४, मागं २८. एका फेरीत सुमारे १ मीटर ८४ सेंटिमीटर. आता मागची फ्री बदलून मोठं चक्र ३४ दातांचं घेतलं, तर एका फेरीत सुमारे १ मीटर ५२ सेंटिमीटर. बत्तीस सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ आहे. पण चढावर पायावरचा भार जवळजवळ सहाव्या हिश्शानं कमी होतो, आणि सत्तरीच्या गुडघ्याला सहावा हिस्सा म्हणजे पुष्कळ. फ्री आणि नवी चेन मिळून १,४५० रुपये. माझ्या मते या जातीच्या सायकलीत याहून चांगली गुंतवणूक नाही.

ही फ्री शिमानोची आहे. जपानमधल्या साकाई गावात १९२१ साली ही कंपनी निघाली आणि तिचा पहिला माल फ्री-व्हीलच होता. एका गोष्टीत मात्र घ्यायच्या आधी विचारून घ्या. या स्वस्त सायकलींना मागच्या हबवर आटे असतात आणि सगळी फ्री त्यावर फिरवून बसवतात. महागड्या सायकलीला ‘कॅसेट’ असते, तिचा हब वेगळा. कॅसेट स्वस्त मिळाली म्हणून आणलीत तर ती बसणार नाही, हब बदलावा लागेल, म्हणजे चाकच नवं विणावं लागेल. आमच्या मिस्त्रींकडं या फ्रीचा पाना नव्हता, काळ्या सायकलीच्या दोन खाचांच्या फ्रीचा होता. मी तो मागवून घेतला आणि दुकानातच ठेवा म्हटलं. तो हिशेबात धरलेला नाही.

आता शॉक. नातू सुट्टीला आला की त्याचा एकच धोशा, “आजोबा, पुढचा फोर्क बदलूया ना, हवेचा घेऊया.” मी मिस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, “ह्यात पैशे घालू नगा साहेब. दिसायला मोठा हाय, पण आत नुसता स्प्रिंग. नि चांगला घ्यायचा म्हटला तर त्याच पैशात दुसरी सायकल येतंय की ओ.” मी चौकशी केली. हवेचा बरा शॉक सायकलच्या किमतीइतका किंवा त्याहून जास्त. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तारण तेरा हजारांचं आणि त्यावर वीस हजारांचं कर्ज. कुठलाही मॅनेजर ते मंजूर करणार नाही. म्हणून शॉक मूळचाच आहे. वजनदार आहे, अडीच किलोच्या आसपास असेल, चढाला कुरकुरतो. पावसाळ्यानंतर त्याचे पाय पुसून तेलाचा हात फिरवतो, बस्स.

यावर नातू म्हणाला, “मग ती खरी माउंटन बाइक नाहीच.” मी त्याला या सायकलीचा जन्म कसा झाला ते सांगितलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन काउंटी नावाचा भाग आहे, तिथं टॅमलपाइस नावाचा डोंगर. सत्तरच्या दशकात तिथली पोरं भंगारातून तीस-चाळीस सालच्या जाड टायरच्या जुन्या सायकली उचलायची आणि डोंगरावरून खाली सोडायची. त्या सायकलींना मागच्या हबमध्येच ब्रेक असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उताराला, दोन मैलांत तेराशे फूट उतरणाऱ्या, तो ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचं. प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या रस्त्याचं नावच ‘रिपॅक’ पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं पहिली शर्यत झाली. त्याच पोरांनी हळूहळू चांगले ब्रेक घातले, गिअर घातले, जो ब्रीझसारख्यांनी नव्या फ्रेम बनवल्या, आणि त्यातून आजची माउंटन बाइक आली. शॉक तर फार नंतरचा, ऐंशीचं दशक संपता संपता बाजारात आला. म्हणजे जगातली पहिली माउंटन बाइक ही जुन्या स्वस्त सायकलीत एकेक भाग घालूनच झाली. नातू गप्प बसला, पण पटलं असं वाटत नाही. शॉकच्या किमती मला तो अजून पाठवतो.

आता जे सांगतो त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

२०२२ सालच्या डिसेंबरात मी पहिल्यांदा राजहंसगडावर सायकलनं गेलो. येळ्ळूरचा गड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर. वडगाव सोडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन, भाताची शिवारं. कापणी झाली होती. गडाचा शेवटचा चढ मी त्या ३४ दातांवर बसूनच चढलो, मधे तीनदा थांबून. वर वाऱ्यात उभं राहिलो, बेळगाव सगळं पायाखाली दिसत होतं. मन भरून आलं.

उतरताना दुसऱ्या वळणावर मागचा ब्रेक दाबला आणि लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकली. काही धरलंच नाही. पुढचा ब्रेक शाबूत होता, तो हळूहळू दाबत, रस्त्याच्या कडेच्या मातीत चाक घालत थांबलो. पडलो नाही. पण हात कापत होते. बाकीचा उतार सायकल हातात धरून उतरलो आणि येळ्ळुरातून हळू घरी आलो.

त्याच्या दोन आठवडे आधी मिस्त्री गावाला गेले होते म्हणून मागचा ब्रेक दुसऱ्या एका दुकानात दाखवला होता. तिथं नुसती केबल ओढून घट्ट करून दिली होती. मिस्त्रींनी ब्रेक उघडला आणि दाखवला. या केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये दोन पॅड असतात. लिव्हर दाबली की बाहेरचा एकच पॅड सरकतो आणि डिस्कला आतल्या पॅडवर दाबतो. आतला पॅड जागचा हलत नाही. तो झिजला की पान्यानं त्याला आत सरकवावा लागतो. केबल कितीही ओढली तरी तो पुढं येत नाही. माझा आतला पॅड झिजून पत्र्याला लागला होता. बाहेरून बघितलं तर सगळं नवं दिसत होतं.

घरी हे सांगायचं की नाही, यावर मी फार वेळ विचार केला नाही. संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा सौं.ना सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. रात्रीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडी बदलून बाहेर आली आणि म्हणाली, “चला, त्या मिस्त्रींकडं जाऊ.” मला वाटलं, आता सायकल तिथंच विकून येणार.

दुकानात तिनं स्टुलावर बसायला नकार दिला. मिस्त्रींना म्हणाली, “मला तो ब्रेक दाखवा. कुठला भाग झिजतो ते दाखवा. आणि बाहेरून बघून कसं ओळखायचं ते शिकवा.” मिस्त्री गोंधळले. चाळीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी सायकल उलटी केली, मोबाईलचा उजेड धरला आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंची फट, पॅडची जाडी, लिव्हर किती आत यायला हवी, सगळं नीट दाखवलं. तिनं स्वतः चष्मा सावरून बघितलं, लिव्हर दाबून बघितली. निघताना मिस्त्री मला हळूच म्हणाले, “साहेब, बाईसाहेब लई हुशार हाईत.”

तेव्हापासून आमच्याकडं एक पद्धत पडली. बँकेतल्या मंडळींना ठाऊक आहे, तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक एकाकडं आणि दुसरी दुसऱ्याकडं. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. तसं रविवारी पहाटे मी हवा आणि चेन बघतो, ती बॅटरी घेऊन पॅड बघते आणि दोन्ही लिव्हर दाबते. तिचं “हं” आल्याशिवाय गेट उघडत नाही. दोनदा तिनं परत पाठवलंय. एकदा पॅडसाठी आणि एकदा माझा खोकला ऐकून. गेल्या दिवाळीत नातवानं विचारलं, “आजी, ही सायकल मी पुण्याला नेऊ?” तर म्हणाली, “तुला दुसरी घे म्हणावं बाबांना. ही आमच्या दोघांच्या नावावर आहे.”

गडावर मी नंतर गेलो. २०२३ साली वर शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा उभा राहिला, तो बघायलाही सायकलनंच. पण बहुतेक रविवारी पश्चिमेकडं जातो, हिंडलगा, सुळगा, उचगाव, किंवा बेळगुंदीवरून राकसकोपच्या धरणाकडं. तिकडं काळी माती संपून तांबडी सुरू होते. पावसाळ्यात ही तांबडी माती चेनमध्ये शिरली की गिअर करकरतात, म्हणून घरी आल्यावर बादलीभर पाणी, जुना टूथब्रश आणि दोन थेंब तेल. पाण्याचा जोराचा फवारा मारू नका, हबमधलं ग्रीस धुऊन जातं. वेंगुर्ला रोडनं बाची सोडून शिनोळीला पोचलो की महाराष्ट्र लागतो. पाटीची भाषा बदलते, चहाच्या टपरीवरची बोली तीच राहते. सीमेचा प्रश्न १९५६ पासून आपण सगळे अंगावर वागवतोय. सायकलला तो कळत नाही, एवढंच म्हणतो आणि पुढं जातो, कारण त्यावर लिहायला बसलो तर सायकल राहून जाईल.

आता हिशेब. भांडवली आणि इतर सामान असं. टायर १,७००. फ्री आणि चेन १,४५०. ब्रेकचे पॅड आणि केबल, पाच वर्षांत मिळून ९००. रुंद पायडल आणि बरी सीट १,३००. मडगार्ड, पुढचा-मागचा दिवा, घंटी आणि मीटरचा पंप २,१५०. बेरीज ७,५००. मजुरी आजवर २,४००. एकूण ९,९००. मूळ १३,५०० धरून २३,४००. पाच वर्षांत वहीत नोंदलेलं अंतर ७,८६० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला तीन रुपयांना थोडं कमी. त्यातही नातवानं आधीची दोन वर्षं चालवली ते किलोमीटर मोजलेलेच नाहीत. चिरंजीव बॅटरीवर चालणारी सायकल पाठवतो म्हणतात. त्यांचं प्रेम कळतं. पण ती बिघडली तर आमच्या बोळात कोण दुरुस्त करणार?

आणि हाच प्रश्न मला या सायकलीबद्दलही अलीकडं पडतो. स्वस्त सायकल टिकते ती तिच्या लोखंडामुळं नव्हे. चालत जाण्याच्या अंतरावर तिला ओळखणारा माणूस असतो म्हणून टिकते. आमच्या मिस्त्रींनी गिअरची सायकल वयाच्या पन्नाशीनंतर शिकून घेतली. मागच्या गिअरला दोन बारीक स्क्रू असतात, चेन कुठवर आत आणि कुठवर बाहेर जायची ते ठरवणारे. ते कसे लावायचे हे त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून, रात्री दुकान बंद केल्यावर, गिऱ्हाइकाच्या नव्हे तर स्वतः भंगारातून घेतलेल्या सायकलीवर शिकलं. त्यांचा मुलगा गोव्यात हॉटेलात नोकरीला आहे. त्याला या धंद्यात यायचं नाही, आणि मिस्त्री म्हणतात ते बरोबर आहे, “पंक्चरला वीस-तीस रुपये मिळतात, त्यात त्याचं लग्न कसं व्हायचं?” मोठ्या काचेच्या दुकानांत नव्या सायकली मिळतात, पण जुनीचा आउट काढून द्या म्हटलं की “सायकल ठेवून जा, आठ दिवसांनी बघू.” मिस्त्रींनी दुकान बंद केलं त्या दिवशी माझ्या वहीतला तीन रुपयांचा हिशेब संपला. सायकल राहील, चालेल की नाही सांगता येत नाही.

म्हणून मी दोन गोष्टी करतोय. मिस्त्रींनी कितीही कमी सांगितलं तरी मजुरी ठरलेल्या दरानं देतो, ओळखीची सूट घेत नाही. आणि आमच्या गल्लीतल्या दोन कॉलेजच्या पोरांना महिन्यातून एका शनिवारी दुकानात पाठवतो, फ्री कशी खोलायची, हब कसा भरायचा ते बघायला. एक जण मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. परवा त्यानं पहिल्यांदा रिमचा आउट काढला. चाक फिरवून मिस्त्रींनी बघितलं, बोट लावलं आणि एक तार अर्धा फेरा सैल केली. म्हणाले, “आता बरं हाय.”

तुमच्यापैकी अनेकांच्या जिन्याखाली, गॅलरीत, पोरानं सोडून गेलेली अशी एक सायकल उभी असेल. चार हजारांना विकण्याआधी एकदा ग्रीस भरून बघा. सीट उंच करा. पॅड आतल्या बाजूचा बघा, बॅटरी लावून बघा. हेल्मेट घ्या. आणि ते बघताना घरातल्या कुणाला तरी शेजारी उभं करा. खडेबाजारात आलात तर बोळात मिस्त्री सकाळी दहापासून असतात, शुक्रवारी दुपारी बंद.